गोल्फ : मनगटांच्या आधी पकड तपासावी

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली भारताच्या अदिती अशोक हिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. गोल्फमध्ये एकेका फटक्याला असे मोल असते. चेंडू वारंवार भरकटू लागला की खेळाडू बहुधा मनगटांना दोष देतो. मात्र दोषाचे मूळ अनेकदा पकडीत आढळते.

क्लब आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. एवढ्या अवधीत मनगटे फिरवून दिशा सुधारणे अशक्य असते. त्या क्षणी क्लबचे तोंड जिकडे असेल, मुख्यतः तिकडेच चेंडू निघतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने क्लबची मूठ डाव्या तळव्यात न घेता बोटांच्या मुळाशी तिरकी धरावी. खाली पाहता डाव्या हाताच्या मुठीचे दोन ते तीन उंचवटे दिसावेत. दोन्ही हातांचे अंगठा व तर्जनी यांमधील रेषा उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. हात फार उजवीकडे वळलेले असल्यास चेंडू डावीकडे वळतो. यास ‘हूक’ म्हणतात. उलट स्थितीत तो उजवीकडे वळतो. तो ‘स्लाइस’ होय.

अमेरिकेचे बेन होगन यांना सुरुवातीच्या काळात हूकने ग्रासले होते. त्यांनी डाव्या हाताची पकड किंचित डावीकडे वळवली. पुढे १९४८ ते १९५३ या काळात त्यांनी यू.एस. ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातील पहिला धडा त्यांनी पकडीलाच दिला.

पकड योग्य असल्यास मनगटे मोकळी करण्यासाठी वेगळे बळ लावावे लागत नाही. क्लब खाली येताना कंबर आधी वळते, मनगटांचा कोन टिकून राहतो आणि क्लबच्या टोकाच्या वेगाने तो चेंडूजवळ आपोआप उलगडतो. मूठ आवळून धरल्यास ही क्रिया अडते. कोन लवकर उलगडल्यास वेग चेंडूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाया जातो.

सरावासाठी आखूड क्लबने अर्धेच फटके मारावेत. फटक्यानंतर क्लब कमरेच्या उंचीवर आला असता त्याचे टोक आकाशाकडे असल्यास मनगटे योग्य वेळी मोकळी झाली, असे समजावे. नवी पकड प्रारंभी अवघडल्यासारखी वाटते आणि फटकेही चुकतात. त्या काळात जुन्या सवयीकडे न वळणे, हीच खेळाडूची खरी कसोटी ठरते.