लय म्हणजे काय?

मराठी शब्दकोशात 'लय' हा शब्द काढून पाहा. तो तुम्हांला दोन लिंगांत सापडेल. 'ती लय' म्हणजे गाण्याची, बोलण्याची किंवा चालण्याची गती. 'तो लय' म्हणजे नाश, विरून जाणे. 'गाण्याची लय बिघडली' आणि 'सृष्टीचा लय झाला' ही वाक्ये शेजारी ठेवली, की फरक कळतो. खेड्यांतील बोलीत 'लय पाऊस झाला' असेही ऐकू येते. तिथे 'लय' म्हणजे पुष्कळ. त्याचा गाण्याशी काही संबंध नाही. उर्दूतही लय आहेच, त्यामुळे हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो. पण लय म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर सांगता सांगता आपण अडखळतो.

अंगणात एक दगड पडला, तर नुसता आवाज होतो. ती लय नव्हे. नळाचे थेंब मात्र ठरावीक अंतराने बादलीत पडू लागले, की तीन-चार थेंबांनंतर आपले मन पुढच्या थेंबाची वाट पाहू लागते. लयीची सुरुवात या वाट पाहण्यात आहे. ठोका पुन्हा येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळते, आणि तो आला की बरे वाटते.

तबला ऐकताना हे चांगले लक्षात येते. संगीतात लय म्हणजे गती. ती विलंबित, मध्य किंवा द्रुत असते. ताल म्हणजे त्या गतीत पुन्हा पुन्हा फिरणारे मात्रांचे चक्र. दादऱ्यात 6 मात्रा, केहरव्यात 8, झपतालात 10 आणि तीनतालात 16. तीनतालाची पहिली मात्रा म्हणजे 'सम'. गवई कितीही ताना घेवो, अखेर त्याला समेवर यायचे असते, आणि तो नेमका तिथे आला की श्रोत्यांची मान आपोआप डोलते. नवव्या मात्रेला 'खाली' म्हणतात. हाताने ताल धरणारा तिथे टाळी वाजवत नाही, हात नुसता बाजूला करतो. चक्राच्या याच भागात डग्ग्याचा घुमारा काही मात्रांपुरता थांबतो. न वाजलेली टाळीही तालात मोजली जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खाली नसती, तर 16 मात्रांत आपण कुठे आहोत हे कानाला कसे कळले असते?

मुरादाबादचे उस्ताद अहमदजान थिरकवा हे विसाव्या शतकातील फार मोठे तबलावादक. त्यांनी अनेक वर्षे बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्याची साथ केली. नाटक मराठी, पदे मराठी आणि साथीला मुरादाबादचे उस्ताद! समेवर भेटायला दोघांना एक भाषा पुरेशी होती.

कवितेतही असेच चक्र असते. अरबी छंदशास्त्राचा, म्हणजे 'अरूज'चा, पाया आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद यांनी घातला. तांबटांच्या हातोड्यांचे ठोके ऐकून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे काही असो, पण बाजारातील ठोक्यांत वजन ऐकणारा माणूस कसा असेल, याची कल्पना त्यातून येते. उर्दू शायरीच्या बहरा या अरूजवरच उभ्या आहेत. मराठी वृत्तांचे मूळ संस्कृतात आहे. तिथे ऱ्हस्व अक्षराला 'लघु' आणि दीर्घ अक्षराला 'गुरू' म्हणतात. आता ही ओळ मोठ्याने म्हणा :

सकाळी नदीच्या किनारी बसावे

स-का-ळी, न-दी-च्या, कि-ना-री, ब-सा-वे. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. या वृत्ताचे नाव भुजंगप्रयात, म्हणजे सापाची चाल. समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत. तुमच्यापैकी ज्यांना शायरीची आवड आहे, त्यांनी एव्हाना ओळखले असेल : फऊलुन, फऊलुन, फऊलुन, फऊलुन! ही तर बहर-ए-मुतकारिब. एक संस्कृतातून आले, दुसरी अरबीतून आली, आणि कानाला दोघांची चाल एकच लागते.

हे नाते ओळखणारे एक मोठे मराठी कवी होऊन गेले. माधव त्र्यंबक पटवर्धन (1894–1939), म्हणजे माधव जूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांनी फारसी-मराठी कोश तयार केला, 'छंदोरचना' हा छंदांवरचा ग्रंथ लिहिला आणि गझल मराठीत रुजवली. पुढे सुरेश भट (1932–2003) यांनी ती घरोघरी पोचवली.

एक अडचण मात्र तुम्हांला येईल. 'घर' हा शब्द बोलताना आपण 'घर्' असा म्हणतो. उर्दू बहरेत तो एकच दीर्घ भाग मोजतात. मराठी अक्षरवृत्तात मात्र 'घ' आणि 'र' असे दोन लघु धरतात. म्हणून वृत्तातील कविता बोलण्याच्या सवयीने वाचली, की ती लंगडते. शेवटचे अक्षर न गिळता म्हणून पाहा. ओळ सरळ चालू लागेल.

गद्यालाही लय असते. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक फक्त वेळेचा आहे. पण मराठीत पहिला शब्द दिवस सांगतो आणि दुसरा गरीब. उर्दूत तर तोच दुसरा शब्द धर्म सांगतो. थांबण्याचेही तसेच. 'रोको मत जाने दो' या वाक्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा, यावर माणूस सुटणार की अडकणार हे ठरते.

आता मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 60 ते 100 ठोके देते. हे ठोके घड्याळासारखे अगदी समान असतात असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. श्वास आत घेताना ते किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. तुमच्या वयात हा फरक चांगला जाणवतो आणि तो निरोगी असतो. चांगल्या गवयाची लयही अशीच थोडी श्वास घेते.

समुद्राचा ठोका याहून फार सावकाश पडतो. आपल्या किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. हे घड्याळ मुख्यतः चंद्राचे. मुंबईला अमावस्या आणि पौर्णिमा या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. तिथून तिथी मोजत कोळी होडी केव्हा लोटायची ते ठरवतात. ईदचा चंद्र पाहायला आपण गच्चीवर जातो, तोच हा चंद्र. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत येतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या जागी पोचतो. मराठी महिनेही चंद्राचेच आहेत. पण त्यांत अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात, म्हणून श्रावण पावसाळा सोडून जात नाही. ज्यांच्या आजोबांनी लहानपणी कडक उन्हाळ्यात पहिला रोजा ठेवला असेल, त्यांनी तो कोणत्या वर्षी, हे आजोबांना विचारावे आणि त्यात 33 मिळवून पाहावे.