टपालाच्या इतिहासाची तिकिटे

टपालतिकिटांच्या संग्रहाच्या अनेक शाखांपैकी खुद्द टपालाच्या इतिहासावर काढलेल्या स्मारक-तिकिटांची शाखा मला सर्वांत बोधप्रद वाटते. कारण इतर तिकिटे थोर पुरुषांचे वा राष्ट्रीय प्रसंगांचे स्मरण करून देतात, तर ह्या तिकिटांत टपाल आपला स्वतःचाच पूर्ववृत्तान्त सांगते.

आपल्याकडे ह्या वृत्तान्ताचा आरंभ सिंधमध्ये होतो. १ जुलै १८५२ रोजी तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर ह्यांनी जारी केलेले अर्ध्या आण्याचे वाटोळे तिकीट हे आशिया खंडातील पहिले तिकीट होय. कंपनी सरकारचे व्यापारी चिन्ह आणि त्याभोवती पट्ट्यावर कोरलेली अक्षरे, एवढेच त्याचे रूप. पण ते तांबड्या लाखेच्या चकतीवर उठविले तर लाख ठिसूळ म्हणून तडके, पांढऱ्या कागदावर उठविले तर बिनरंगी ठसा दिव्याच्या उजेडात दिसेना, म्हणून निळ्या रंगाचाही अवलंब करावा लागला. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानासाठी तिकिटे अमलात आली, पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात जाऊ लागले, आणि सिंधच्या तिकिटाचा अंमल संपुष्टात आला.

फाळणीनंतर सिंध पाकिस्तानात गेल्यामुळे त्या पहिल्या तिकिटाची शताब्दी १९५२ साली पाकिस्तानने तिकिटे काढून साजरी केली, तर भारताने १९५४ साली १८५४ च्या तिकिटांची शताब्दी चार तिकिटांनी साजरी केली. संग्राहकाने हे दोन्ही संच एकाच पानावर लावावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या काळाचे ते स्मरण करतात, त्या काळी ती सरहद्द नव्हतीच.

त्यांच्याच शेजारी १९३७ च्या सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मालेतील तिकिटे असावीत. ती स्मारक-तिकिटे नव्हेत, नित्य वापराची होत. तथापि दोन आण्यांच्या तिकिटावर धावणारा डाक-हरकारा, आणि पुढे चढत्या किमतीनुसार बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार व विमान, असा टपालवाहतुकीचा सारा क्रम तीत सापडतो.

विमानाचा प्रसंग तर खास आपल्याच देशातला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके ह्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल ते हेच. त्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९६१ साली तीन तिकिटे निघाली.

नवशिक्या संग्राहकास कोऱ्या तिकिटांचा मोह फार असतो. मात्र ह्या विषयात वापरलेले तिकीट, आणि तेही लखोट्यावरून न सोडविता, जपावे असे मी म्हणेन. कारण शिक्क्यावरील गाव व तारीख, पाठीमागचा पोहोचल्याचा शिक्का आणि दिलेले हशील ह्यांवरून त्या पत्राने केलेला प्रवास वाचता येतो, आणि पाण्यात भिजवून तिकीट सुटे केले की तो पुरावा कायमचा नाहीसा होतो.