गोळीसोड्याचं हातयंत्र

ऐन उन्हाळ्यात, नवतप्यात, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाण्यात वायू मुरवणं हे अवघड काम होऊन बसतं. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात टिकतो, कोमट पाण्यातून पळतो. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाचं एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर वायू सामावून घेतं. तेच पाणी २० अंशांवर गेलं की ०.९ लिटरच्या आत, आणि ४० अंशांना जेमतेम अर्धा लिटर. नागपूरकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी चाळिशीच्या आसपास असतं. म्हणून इथे सोडा करणाऱ्याला आधी बर्फ लागतो, मग वायू.

गोळीसोड्याचं यंत्र म्हटलं तर अगदी साधं आहे. लोखंडी चौकट, तिच्यात आडव्या दांड्यावर फिरणारा पिंजरा, बाजूला हँडल आणि नळीने जोडलेला सिलिंडर. बाटलीत सरबत आणि थंड पाणी भरायचं, वर थोडी जागा मोकळी ठेवायची, बाटल्या पिंजऱ्यात आवळायच्या, वायू सोडायचा आणि हँडल फिरवायचं. खरं काम फिरवण्यात आहे. बाटली उभी ठेवली तर वायूला पाण्यात शिरायला गळ्याएवढीच वाट मिळते आणि तास न् तास जातात. बाटली उलटसुलट झाली की पाणी आणि वायू घुसळले जातात, आणि थोड्याच वेळात पाणी भरपूर वायू घेतं. मग बाटली उलटी असतानाच पिंजरा थांबवायचा. बाटलीतली काचेची गोळी घरंगळत तोंडाशी येते, रबरी कड्यावर बसते आणि आतलाच दाब तिला तिथे धरून ठेवतो. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. दाब जितका जास्त, तितकी गोळी पक्की. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. गळ्याजवळची ती चिमटलेली खाचही विचारपूर्वक ठेवलेली आहे: सोडा फोडल्यावर गोळी तिथे अडते आणि ओतताना तोंड बंद होत नाही. इतकं नेमकं काम करणारी दुसरी बाटली माझ्या पाहण्यात नाही.

सोड्याचा जन्म बिअरच्या पिंपावर झालेला आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली १७६७च्या सुमारास एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या रसावर वायूचा जड थर साठतो, हे त्याने पाहिलं. त्या थरात पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहिल्यावर पाण्याला चुरचुरीत चव आली. पुढे १८०३ साली विल्यम हेन्रीने नियम मांडला: तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला, तर विरघळणारा वायूही दुप्पट. सोड्याचा सगळा धंदा या नियमावर चालतो.

परदेशात घरी बिअर बनवणारे लोक आजही हेच करतात, फक्त बाटलीऐवजी स्टीलच्या केगमध्ये. ही साधारण १९ लिटरची उभी टाकी मुळात शीतपेयांच्या कंपन्यांसाठी बनलेली. कंपन्यांनी ती वापरातून काढल्यावर घरगुती बिअरवाल्यांनी उचलली. वायू वरून शिरतो आणि तळापर्यंत गेलेल्या नळीतून बिअर बाहेर येते. केग ३–४ अंशांवर ठेवून चौरस इंचाला १२ पौंडांच्या आसपास दाब लावला, तर आठ-दहा दिवसांत वायू मुरतो. ज्यांना थांबवत नाही ते दाब ३० पौंडांवर नेऊन केग हलवतात, म्हणजे आपल्या पिंजऱ्याचंच काम हातांनी करतात. दाब वेळेत उतरवला नाही, तर पेल्यात नुसता फेस येतो. सावकाश केलेलं कार्बोनेशन मला जास्त पटतं, कारण त्यात चूक सुधारायला वेळ मिळतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, अगदी घरीही नाही. घरी सोडा करायला ती अडचण नाही.

हिंगण्यात एक धोका मात्र जास्त आहे. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांपर्यंतच द्रव राहू शकतो. त्यापुढे कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही, आणि भरलेल्या सिलिंडरमधला दाब झपाट्याने चढतो. हातगाडीवर उन्हात तापणारा सिलिंडर पाहिला की काळजी वाटते. त्याला सावली हवी, तो उभाच बांधलेला हवा आणि त्यावर चालू रेग्युलेटर हवा. काच फुटू शकते, म्हणून पिंजऱ्याची जाळी लावल्याशिवाय वायू सोडू नये. टवका उडालेली बाटली तर वापरूच नये.

महाराष्ट्रात सोड्याला मोठी परंपरा आहे. मुंबईत पालनजी कंपनी १८६५पासून, ड्यूक्स १८८९पासून. पुण्यात अर्देशीर १८८४पासून. पारशी आणि इराणी कुटुंबांनी हा धंदा उभा केला. पुढे पत्र्याचं झाकण आलं, मग प्लास्टिक, आणि १९९३मध्ये कोका-कोला परतल्यावर गल्लीतल्या सोड्याची जागा आणखी आक्रसली. तरी गोळीसोडा संपला नाही. २०२५मध्ये केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात-प्रोत्साहन संस्थेने त्याच्या निर्यातीला पाठबळ दिलं आणि तो आखाती देशांतल्या दुकानांत पोचला.

या यंत्रात लेथवर न होणारं असं जवळपास काहीच नाही. हिंगण्याच्या वर्कशॉपवाल्यांनी एखादं जुनं यंत्र खोलून पाहावं, त्याला चांगली जाळी आणि दाबमापक बसवावा, आणि सोडेवाल्याला परवडेल अशा किमतीत द्यावं. गिऱ्हाईकानेही सोडा फोडायला सांगण्याआधी पाणी कुठलं आणि वायू खाद्यपेयांसाठीचा आहे का, हे विचारावं.