प्यादे देऊन घेतलेला वेळ

आपल्याकडील जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे एका वेळी एकच घर सरकत असे, त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडण्यास बराच अवधी लागे. युरोपीय दस्तुराप्रमाणे मात्र ते पहिल्याच चालीस दोन घरे झेप घेऊ शकते, आणि या सवलतीतूनच तिकडे गॅम्बिट नावाचा तो तेजस्वी संप्रदाय उदयास आला. राजांपुढील प्यादी समोरासमोर भिडताच राजाच्या उंटापुढील प्यादे शत्रूच्या तोंडी द्यावयाचे, त्याचे प्यादे पटाच्या मध्यातून बाजूला काढावयाचे, आणि तो ते राखण्यात गुंतला असता मध्य काबीज करून हत्तीसाठी वाट मोकळी करावयाची, अशी किंग्ज गॅम्बिटची तजवीज असते. स्वतःच्या राजाचा पार्श्वभाग उघडा पडतो, हे तिचे मोल.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधील कप्तान इव्हान्स याने वजिराकडील घोड्यापुढचे प्यादे देण्याची नवी रीत काढली. ते प्यादे मारण्यास शत्रूचा उंट पुढे आला की त्यालाच हुसकावीत मध्यभागी चाल करून जावयाचे, ही कल्पना इतकी मोहक ठरली की 1834 मध्ये लंडनला लाबुर्दोने आणि मॅक्डॉनेल यांच्यात जे 85 डाव झाले, त्यांत ती वारंवार पटावर आली. पुढे 1851 मध्ये, लंडन मुक्कामीच, अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध किंग्ज गॅम्बिट खेळताना एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेरीस वजीरही अर्पण करून उरलेला उंट व दोन घोडे एवढ्यांनिशी मात केली. त्या क्षणी काळ्याचे दोन्ही हत्ती आणि एक उंट आपापल्या मूळ घरांत जसेच्या तसे उभे होते. या डावास ‘अमर’ हे विशेषण लाभले, ते माझ्या मते केवळ बलिदानांमुळे नव्हे. सैन्यसंख्येपेक्षा सैन्य कामास येण्याचा वेग श्रेष्ठ असू शकतो, हा सिद्धान्त इतक्या निखळ स्वरूपात त्यापूर्वी क्वचितच सिद्ध झाला असेल.

त्या वेगाचे मर्म बचाव करणाऱ्यांनीही यथावकाश आत्मसात केले. स्टाइनिट्झने बळी स्वीकारून धीराने तटबंदी करण्याचे शास्त्र घडविले, आणि 1889 मध्ये हवाना येथे चिगोरिनने पुनःपुन्हा इव्हान्स गॅम्बिट मांडूनही जगज्जेतेपद स्टाइनिट्झकडेच राहिले. लास्करने तर त्याहून मर्मभेदी उपाय शोधला: घेतलेले प्यादे योग्य वेळी परत करावयाचे आणि निरोगी प्यादेरचना घेऊन शांतपणे अंतिम डावाकडे वळावयाचे. हल्ल्याचे सारे बळ शत्रूच्या लोभावर अवलंबून होते. लोभच सुटल्यावर हल्ला कोणावर करणार? 1903 मध्ये व्हिएन्नात किंग्ज गॅम्बिट सक्तीचा करून स्पर्धा भरवावी लागली, यावरूनच त्याच्या ओसरलेल्या वैभवाची कल्पना येते. ती स्पर्धा चिगोरिनने जिंकली, 1912 मध्ये अबात्सिया येथील तशीच दुसरी श्पीलमानने. आणि त्याच निष्ठावंत श्पीलमानने 1924 मध्ये या गॅम्बिटला रुग्णशय्येवर कल्पून लेख लिहिला.

तरीही हे प्रकरण दफ्तरदाखल झाले नाही. 1960 मध्ये मार देल प्लाता येथे स्पास्कीने याच शस्त्राने सतरा वर्षांच्या फिशरला नमविले. फिशरने दुसऱ्याच वर्षी त्याचे खंडन छापले, आणि नंतर पांढरी मोहरी हाती असता तिसऱ्या चालीस उंट बाहेर काढून तोच गॅम्बिट स्वतः खेळून डावही जिंकले. आपल्या विश्वनाथन आनंदला 1995 मध्ये रिगा येथे कास्पारोव्हच्या इव्हान्स गॅम्बिटशी सामना करावा लागला. त्या डावात कास्पारोव्हने उंट आक्रमणास न धाडता राजासमोरील घरात मागे घेतला, वजिराला मोकळा संचार दिला, आणि मग दुसरा उंट आनंदच्या राजपक्षात घुसवून किल्लेकोटाचा मार्गच रोखला. दोन प्यादी अधिक असूनही राजा मध्यभागी अडकलेल्या आनंदने 25 चालींनंतर डाव सोडला.