वर्षातून दोनदा उघडणारा खड्डा

नगर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ज्याच्या दावणीला वीस एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, त्याच्या घरचं घड्याळ कासेवर चालतं. साडेचारला गोठ्यातला दिवा लागतो, पाचच्या सुमाराला पहिली गाय धारेला येते आणि सातच्या आत कॅन डेअरीच्या ओट्यावर पोचलेले असतात. संध्याकाळी पुन्हा तेच. घरात लग्न असो की मयत, दोन धारांमधलं अंतर फार हललं की कास कडक होते आणि गाय दुधाला उतरते. या धंद्यात सुट्टी नाही, अशी हळहळ सगळेच करतात. मला मात्र वाटतं, ही न चुकणारी पाळीच गोठा सांभाळते. हात रोज तेच करतात, म्हणून सहसा चुकत नाहीत. गोठ्यातला मोठा धोका आहे तो पाळीबाहेरच्या कामांत, वर्षातून एकदा-दोनदाच करायच्या कामांत. पण तिथं जाण्याआधी रोजचा दिवस बघून घेऊ.

पहिलं काम शेण ओढायचं. मग कास धुवून कोरडी पुसायची आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या बुडाच्या वाटीत काढून बघायच्या. दुधात बारीक गाठी दिसल्या की दगडी, म्हणजे कासेची सूज, सुरू झाली असं समजायचं आणि त्या गाईचं दूध वेगळं काढायचं. कासेला हात लागल्यापासून साधारण मिनिटभरात गाय पान्हा सोडते आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. धुणं एकाचं, कप लावणं दुसऱ्याचं आणि मध्ये फोन आला, तर तो जोर वाया जातो. मागं राहिलेलं दूध कासेतच बसतं. धार संपली की सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकायची. धारेनंतर अर्धा तास तरी सडाचं तोंड नीट मिटलेलं नसतं. गाय तेवढा वेळ खात उभी राहिली तर शेणात बसत नाही. गोठ्यातली बरीचशी शिस्त अशी साधी असते आणि तिला खर्च जवळजवळ नसतो.

खर्च असतो यंत्राला. धार काढायचं यंत्र वरून दिसतं तेवढं अवघड नाही. व्हॅक्यूम पंप नळीतली हवा ओढतो, साधारण ४० ते ५० किलोपास्कलपर्यंत. कपाच्या आत रबराचा लायनर असतो. पल्सेटर त्या लायनरला मिनिटाला साठेक वेळा उघडतो आणि मिटतो. उघडला की दूध येतं, मिटला की सडाला दाब मिळून रक्त पुढं सरकतं. नुसतं ओढतच राहिलं तर सडाचं टोक लाल होतं, सुजतं, मग कडक होऊन फाटतं. म्हणून जाणता माणूस गोठ्यात आल्या आल्या दूध किती निघालं ते विचारत नाही, आधी पल्सेटरची टकटक ऐकतो. ती अडखळत असेल तर बहुधा आत धूळ किंवा दूध गेलेलं असतं. व्हॅक्यूम सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची जाळी धुळीनं बुजली की नळीतला व्हॅक्यूम कुणाच्या लक्षात न येता वाढत जातो. मालक म्हणतो, गाय अलीकडे लाथ मारायला लागली आहे. गाय विनाकारण लाथ मारत नाही. आधी व्हॅक्यूमचं मीटर बघावं.

सगळ्यात जास्त हयगय लायनरची होते. रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलायचा असतो. वीस गाई आणि दोन क्लस्टरचं, म्हणजे चार-चार कपांच्या दोन संचांचं, बकेट मशीन असेल तर एका क्लस्टरला रोज वीस धारा पडतात. म्हणजे १२५ दिवस, चार महिन्यांच्या थोडं वर. पण लायनर फाटलेला दिसत नाही तोवर बदलायचा नाही, हीच सर्वत्र रीत. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रबराला आतून बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यांत दुधाची चरबी आणि जंतू घर करतात, रबराचा ताणही गेलेला असतो. एका दगडीच्या औषधपाण्याला आणि फेकलेल्या दुधाला जेवढे पैसे जातात, त्यात लायनरचा नवा संच सहज येतो. हा हिशेब गोठेवाल्याला कळत नाही असं नाही. लायनरचा खर्च आज करावा लागतो आणि दगडी पुढं कधीतरी येते, एवढंच.

धुण्याचंही तसंच. धार संपल्याबरोबर कोमट पाण्यानं यंत्र खळबळून काढायचं, मग गरम पाण्यात अल्कलीची पावडर, मग पुन्हा साधं पाणी. आठवड्यातून एकदा आम्लाचं द्रावण, कारण पाण्यातल्या आणि दुधातल्या क्षारांचा मिळून नळीत आतून पांढरट थर धरतो आणि तो अल्कलीनं जात नाही. पहिलंच पाणी उकळतं घातलं तर दुधातली प्रथिनं नळीला चिकटून शिजतात. आधी कोमट, ही पायरी चुकवू नये. डेअरीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) हा भावाचा पाया असतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष फॅटच्या मशीनवर. जंतू मोजून भाव कापणारी डेअरी भेटली की मग नळ्या आठवतात.

पंपातलं तेल रोज बघायचं, पट्ट्यावर जाळीचं झाकण हवंच. गोठ्याची जमीन कायम ओली, त्यामुळे अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच यांत काटकसर करू नये. माणसाला जाणवतही नाही एवढ्या गळतीनं गाय पाणी प्यायला बिचकते. विजेबद्दल एवढं पुरे.

आता पाळीबाहेरच्या कामांकडे. यांतलं पहिलं अर्धं रोजचं आणि अर्धं हंगामी: कुट्टी. रोजच्या वैरणीची कुट्टी लहान यंत्रावर होते, बऱ्याचदा घरातल्या बाईच्या हातून, संध्याकाळी उजेड कमी असताना. या यंत्राला पुढं, मोकळं आणि उलट असा तीन जागांचा दांडा असतो. उलटा गिअर असतो तो कडबा आत अडकला की बाहेर काढण्यासाठी. तरीही अडकलेली पेंढी हातानं ढकलण्याचा मोह होतो, कारण दांड्यापर्यंत जायला दोन पावलं टाकावी लागतात. पदर खोचलेला, बांगड्या मागं सारलेल्या, तोंडाचा पत्रा पुरेसा लांब आणि दांडा उभं राहिल्या जागी हाताशी. यंत्र विकत घेताना आणि चालवताना एवढं पाहिलं तरी बोटं शाबूत राहतात.

हंगामी काम म्हणजे मुरघास. हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवायचा आणि टंचाईच्या दिवसांत खाऊ घालायचा ही युक्ती युरोपात जुनीच. फ्रान्समधल्या ऑग्युस्त गोफार यांनी १८७७ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि ती जगभर गेली. अमेरिकेत पहिला उभा सायलो इलिनॉयमध्ये फ्रेड हॅच यांनी १८७३ साली उभारला असं मानतात. पुढं विस्कॉन्सिनच्या फ्रँकलिन किंग यांनी तो गोल केला, कारण चौकोनी सायलोच्या कोपऱ्यांत चारा नीट दबत नसे आणि तिथंच नासत असे. आपल्याकडे ते मनोरे आले नाहीत. आपण खड्डे काढले, विटांच्या तीन भिंतींचे बंकर बांधले आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या. रसायन मात्र तेच. मका कणसात चीक भरल्यावर, दाणा पूर्ण कडक व्हायच्या आत कापायचा. तेव्हा त्यात ३० ते ३५ टक्के शुष्क भाग असतो. एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून सहा इंचांच्या थरांत ट्रॅक्टरनं तुडवायची. हवा निघून गेली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साखर खातात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. पंचेचाळीस दिवसांनी उघडायचा.

खड्ड्याच्या मापात बहुतेक जण फसतात. गाईला रोज वीस किलो धरलं तर वीस गाईंना ४०० किलो लागतो. चांगला दाबलेला मुरघास घनमीटरला सुमारे ६०० किलो भरतो, म्हणजे रोज पाऊण घनमीटरपेक्षा थोडा कमी. खड्डा चार मीटर रुंद आणि दोन मीटर उंच केला तर समोरच्या तोंडावरून रोज जेमतेम आठ सेंटिमीटर निघतात. हवा त्यापेक्षा लवकर आत शिरते, तोंड तापतं, पांढरी-हिरवी बुरशी येते. अडीच मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच ठेवला तर तेवढ्याच चाऱ्याला रोज पंधरा सेंटिमीटर निघतात आणि तोंड ताजं राहतं. रुंदी गाईंच्या संख्येवर ठरवावी आणि चारा जास्त असेल तर लांबी वाढवावी. गवंडी मात्र रिकामी जागा बघून आखणी करतो.

भरताना धोका ट्रॅक्टरचा. ढीग भिंतीच्या वर गेला की चाक कडेला येतं आणि ट्रॅक्टर उलटतो. चढाचा उतार सौम्य ठेवावा, भिंतीच्या वर फार चढवू नये, आणि स्टिअरिंगवर नवशिका पोरगा बसवू नये, मग तो कितीही हौशी असो. काढतानाचा धोका वेगळा. खालून खालून उकरत गेलं की वर छत तयार होतं आणि एखाद्या दिवशी ते खाली येतं. घनमीटरभर जरी आलं तरी ६०० किलो अंगावर. तोंड वरून खाली सरळ कापत जावं आणि त्याच्या पायथ्याशी पाठ करून उभं राहू नये.

तिसरा धोका आपल्याकडे फारसा बोललाच जात नाही: वायू. मका जमिनीतून नत्र उचलतो. युरिया भरपूर पडला आणि मग पावसानं ताण दिला, तर हे नत्र धाटाच्या खालच्या भागात नायट्रेट म्हणून साठून राहतं. ताणानंतर पाऊस पडल्या पडल्या कापणी केली तर ते फारच वाढलेलं असतं. चार-पाच दिवस थांबावं आणि बुंधा वीतभर सोडून कापावं. हा चारा आंबायला लागला की नायट्रेटपासून नायट्रोजनचे वायू निघतात आणि हवेशी गाठ पडताच नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तांबूस-पिवळा, ब्लिचिंग पावडरसारख्या वासाचा, हवेपेक्षा जड. भरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, पण तीन आठवडे तरी सावध राहावं. सोबत कार्बन डायऑक्साइडही तळाशी बसतो आणि त्याला ना रंग ना वास. नायट्रोजन डायऑक्साइड फुफ्फुसातल्या ओलाव्याशी मिळून तिथंच नायट्रिक आम्ल तयार करतो. अमेरिकी डॉक्टरांनी १९५६ साली सायलो भरणाऱ्यांच्या या आजाराचं सविस्तर वर्णन केलं.

घाबरून मुरघास सोडण्याचं काही कारण नाही. जमिनीवरच्या उघड्या बंकरमध्ये वारा हा वायू उडवून नेतो. धोका आहे तो जमिनीत खोल खणलेल्या खड्ड्यात, शेडखाली बंद केलेल्या कोठीत आणि पहिल्या आठवड्यात फुग्यासारख्या तट्ट फुगलेल्या पिशवीत. त्या पिशवीला जवळ वाकून भोक पाडणारे लोक आहेत, म्हणून सांगतो. खोल खड्ड्यावरचं प्लॅस्टिक सरकलं म्हणून आठव्या दिवशी कुणीतरी सहज उडी मारून आत उतरतो. त्या माणसानं हजारो धारा काढलेल्या असतात, पण खड्ड्यात तो वर्षातून दोनदाच उतरलेला असतो, आणि आधीच्या वेळी काहीच झालेलं नसतं. तेवढ्यावर त्याचा विश्वास असतो.

शेणाच्या टाकीचंही हेच गणित, फक्त वायू वेगळे: मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला, म्हणजे वायू गेला, असं वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता, त्याला वर ओढून काढता आलं. आत पडलेल्या आपल्या माणसासाठी उडी न मारणं हे मनाला फार जड जातं. म्हणून हा निर्णय त्या क्षणावर सोडू नये, घरात आधीच ठरवून ठेवावा.

ठरवायचं फार नाही. भरल्यापासून तीन आठवडे खोल खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, पोरं आणि कुत्रीसुद्धा आसपास नकोत. पुढंही उतरायचं तर आधी पंख्यानं किंवा ब्लोअरनं बराच वेळ हवा खेळवायची, कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या हातात द्यायचं. शेणाच्या टाकीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात तर तोंडाला हवा पुरवणाऱ्या साधनाशिवाय उतरायचंच नाही; तोंडावर ओला रुमाल बांधून काही होत नाही. आत कुणी पडलाच तर अग्निशमन दलाला बोलवायचं आणि ब्लोअर चालू करायचा.

आणखी एक. मुरघासाच्या खड्ड्यातून बाहेर आल्यावर घसा खवखवला, डोळे चुरचुरले, खोकला आला आणि तासाभरात थांबला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. फुफ्फुसांची सूज कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येते आणि बरं वाटल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी दम पुन्हा उसळू शकतो. डॉक्टरांना मुरघासाच्या खड्ड्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा. नाहीतर साधा खोकला समजून औषध मिळेल आणि तुम्ही संध्याकाळच्या धारेला घरी परत याल.