कुवेतहून आलेली कॅसेट

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात अम्माचा निकाहाचा दुपट्टा, अब्बांचा सुरा, रेशनकार्डाची जुनी प्रत आणि सात कॅसेटी आहेत. कॅसेट वाजवायचे यंत्र आता घरात कुणाकडेच नाही. तरी पेटी साफ करताना त्या बाहेर काढायच्या, फडक्याने पुसायच्या आणि परत ठेवायच्या, हे आम्ही इमानाने करत आलो. आम्ही म्हणजे भाईंच्या पाठची तीन भावंडे, दोन बहिणी आणि एक भाऊ. हा लेख तिघांच्या आठवणीतून झाला आहे. जिथे आमचे एकमेकांशी जमले नाही, तिथे भाईंना विचारले.

आमचे मूळ गाव शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला, पाबळ-केंदूरच्या कोरड्या पट्ट्यात. पाबळ म्हटले की लोकांना मस्तानीची कबर आठवते. आम्हाला आठवतो तो हंडा. शिरूर तालुका एक असला तरी त्यात दोन मुलुख आहेत. घोड नदीच्या आणि भीमेच्या बाजूला धरणाचे, कालव्याचे पाणी आले, ऊस आला. आमच्या बाजूला मात्र बाजरी, मटकी, हुलगा आणि आभाळ. शिरूरला आमची जुनी माणसे अजून ‘घोडनदी’च म्हणतात. तिथल्या बाजाराला जायचे म्हणजे लहानपणी सणच असायचा.

अब्बा गावचे मुलाणी. नव्या पिढीला हे सांगावे लागते म्हणून सांगतो. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांच्यासारखाच मुलाणी हाही बलुतेदार. जत्रेत बकरे कापायचे ते त्याच्या हातून, आणि मशिदीची झाडलोट, दिवाबत्ती, मोहरमच्या सवारीची तयारी हीही त्याचीच कामे. पैसा मिळत नसे. सुगीत खळ्यावर जायचे, शेतकरी सूपभर-दोन सुपे धान्य घालायचा, जत्रेत ठरलेला वाटा मिळायचा. घरची दोन एकर जिरायत होती, पण खरे पोट भरायचे ते खळ्यावर. अब्बा खळ्यावर कधी मागत नसत. जाऊन नुसते उभे राहत, आणि शेतकरी म्हणे, “या मुलाणीभाई, पोतं कुठंय?” आम्हाला त्या ‘या’चा फार अभिमान होता.

1972 साली खळीच लागली नाहीत. ज्याच्या घरात दाणा नाही तो बलुते कुठून देणार? अब्बा एका दुपारी रिकामे पोते खांद्यावर टाकून परत आले आणि ते पोते त्यांनी घडी करून माचाखाली ठेवले. पुन्हा ते खळ्यासाठी बाहेर काढलेले आमच्यापैकी कुणीच पाहिले नाही.

दुष्काळी कामे निघाली. अम्मा खडी फोडायला जाऊ लागली. आमच्या घरातली बाई रस्त्याच्या कामावर गेली याचे दादीला वाईट वाटायचे, पण पहिल्या आठवड्याचा पगार आल्यावर दादीही बोलायची थांबली. हातोडीने खडी फोडायची, ढीग मोजून घ्यायचा, मस्टरवर अंगठा. भाई तेव्हा तेरा वर्षांचे. वय वाढवून सांगून तेही ढिगावर बसले. कामावर सुकडी मिळायची, ती अम्मा पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला सगळे ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी थापताना तुटायची. याच कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. आमच्या अम्माचे हात मात्र तोवर कायमचे खरबरीत झाले होते. ईदला ती मेंदी लावी, तेव्हा रंग भेगांमध्ये आधी चढे.

1973 मध्ये आम्ही गाव सोडले. कुवेतच्या गोष्टी घरात पुष्कळ झाल्या, या पहिल्या स्थलांतराची कुणी कधी गोष्ट केली नाही. वास्तविक तेच अवघड होते. शिरूरपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी, आणि दौंड. बरोबर दोन वळकट्या, जाते, आणि एक कोंबडी, जी न्हावऱ्याच्या आसपास पिशवीतून सुटून गाडीभर फिरली.

दौंड म्हणजे रेल्वे. मुंबई-सोलापूर मार्ग आणि मनमाडकडे जाणारा फाटा इथे मिळतात. मनमाडचा मार्ग 1878 पासूनचा. अब्बा मालधक्क्यावर हमालीला लागले. ज्यांना गावात ‘या मुलाणीभाई’ म्हणत, त्यांना इथे ‘ए, चल’ म्हणू लागले. ते एकदाच म्हणाले, “इथं रोज पैसे मिळतात. तिथं वर्षातून एकदा मान मिळायचा.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले की समाधान म्हणून, यावर आमच्यात अजून वाद आहे.

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे, कारण तिथून गाडीची दिशाच उलटते. तेवढा वेळ गाडी उभी. त्या वेळावर अर्ध्या दौंडचे पोट चालत असेल. भाई आणि धाकटा भाऊ उकडलेली अंडी आणि पेरू विकत. बहिणी घरी अंडी सोलून मीठ-तिखटाच्या पुड्या बांधत. गाडी हलू लागली की पैसे न देणारा गिऱ्हाईक कोणता हे भाई चेहऱ्यावरून ओळखत. पुढे आखातातल्या एजंटाला मात्र त्यांना ओळखता आले नाही, असे ते स्वतःच हसून सांगतात.

भाई एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामांना ऊत आला. कोकणातल्या आपल्या मुसलमान बांधवांची ये-जा तिकडे आधीपासून होती. रत्नागिरी-रायगडच्या गावांत एक एक मोहल्ला कुवेत, बहरीन, दुबईवर उभा राहिला. आमच्या देशावरच्या मंडळींना ती वाट उशिरा कळली. भाईंना ती कळली वर्कशॉपमधल्या एका श्रीवर्धनकर मित्राकडून. 1985 मध्ये मुंबईच्या एका एजंटाने बारा हजार रुपये मागितले. अम्माची गळसरी गेली, दोन एकर गहाण पडली, आणि उरलेले पैसे व्याजाने काढले. कागदावर पगार 90 दिनार होता. तिथे पोहोचल्यावर 60 निघाला. दिनार तेव्हा चाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणून 60 सुद्धा आम्हाला डोंगर वाटला. पासपोर्ट मालकाने पहिल्याच दिवशी काढून घेतला.

आमच्या घरी दखनी बोलतात, बाहेर मराठी. उर्दू लिहिता-वाचता येणारे आमच्यात कुणी नव्हते. त्यामुळे भाई पत्र लिहीत ते शाळेतल्या मराठीत, ‘तीर्थरूप अब्बांस साष्टांग’ असे सुरुवात करून, मग ते खोडून ‘सलाम’. पत्रात सगळे ठीक असे. मग कुणीतरी गावी येणाऱ्याच्या हाती त्यांनी कॅसेट पाठवली. शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर आणला, आणि भाई घरच्या बोलीत बोलू लागले. लिहिताना जे दडले होते ते आवाजात दडले नाही. एका खोलीत चौदा जण झोपतो, असे त्यांनी विनोद म्हणून सांगितले. कुणीच हसले नाही. अम्माने त्याच यंत्रावर उत्तर भरले. तिला यंत्राशी बोलायची लाज वाटत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, “पेट भर के खाता क्या रे?” आणि उरलेली सगळी बाजू कोरी गेली. भाई सांगतात, ती कोरी बाजूही ते ऐकत. मागे दौंडच्या गाड्यांचा आवाज आला होता.

1988 मध्ये अब्बा गेले. तार केली. ती भाईंच्या हातात पडली तेव्हा दफन होऊन चार दिवस झाले होते. तरीही त्यांनी मालकाकडे पासपोर्ट मागितला. मुदत पुरी झाल्याशिवाय नाही, असे उत्तर आले. त्यानंतर जी कॅसेट आली ती आम्ही एकदाच लावली. तिच्यात काय आहे ते इथे लिहिणार नाही.

कर्ज फिटायला अडीच वर्षे लागली. पुढच्या पैशांत दोन्ही बहिणींचे निकाह झाले, दौंडच्या घरावर स्लॅब पडला. बरे दिवस आले असे म्हणेपर्यंत 2 ऑगस्ट 1990 उजाडला. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, एका रात्रीत दिनार कवडीमोल झाला. भाईंचे पाच महिन्यांचे वेतन आणि बँकेतली शिल्लक बुडाली. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, वाळवंटातल्या तंबूंत दिवस काढून अम्मान, आणि तिथून एअर इंडियाचे विमान. त्या दोन-अडीच महिन्यांत लाखाहून अधिक भारतीयांना असे परत आणले गेले. आम्ही रोज रेडिओला कान लावून होतो. एका पहाटे ते दौंड स्टेशनवर उतरले, एक पिशवी घेऊन. ज्या फलाटावर अंडी विकली त्याच फलाटावर. अम्माने त्यांना आधी जेवायला बसवले, मग रडली.

यापुढची गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये नुकसानभरपाईचा आयोग नेमला. इराकच्या तेलविक्रीतला हिस्सा कापून ते पैसे द्यायचे होते. कुवेत सोडावे लागले एवढाच दावा करणाऱ्या एकट्या माणसाला 4,000 डॉलर, आणखी वेगळे दावे करणार असेल तर 2,500. भाईंनी अर्ज भरला आणि विसरून गेले. पण पैसे खरोखर आले, दोन हप्त्यांत. डॉलर तेव्हा पस्तीस रुपयांच्या आसपास होता. आयोगाचे काम 2022 मध्ये संपले, एकूण 52.4 अब्ज डॉलर वाटून. पहिल्या हप्त्यातून भाईंनी गावच्या रानात बोअर घेतली. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. दुसऱ्या हप्त्यातून शिरूरला वेल्डिंगचे दुकान टाकले. रांजणगावची औद्योगिक वसाहत तेव्हा वाढत होती, ग्रिल आणि शेडला गिऱ्हाईक होते. ते चालले.

मेक्सिकोच्या खेड्यांतली अशीच हकिगत अलीकडे वाचनात आली आणि आम्ही थक्क झालो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतमजूर कमी पडले, म्हणून 1942 मध्ये दोन देशांत करार झाला. 1964 पर्यंत लाखो गरीब मेक्सिकन शेतकरी हंगामापुरते तिकडे जात राहिले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत, म्हणजे हातांनी राबणारा. आखूड दांड्याचे खुरपे देऊन दिवसभर वाकवून ठेवत. त्या खुरप्यावर कॅलिफोर्नियात बंदी आली ती 1975 मध्ये. सुरुवातीच्या वर्षांत पगारातले दहा टक्के ‘गावी गेल्यावर मिळतील’ म्हणून कापले गेले, आणि ते कित्येकांना मिळालेच नाहीत. साठ वर्षांनी मेक्सिको सरकारने काही जणांना ठरावीक रक्कम दिली, तोवर बरेच जण मातीआड गेले होते. भाईंना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही नशीबवान.”

आणि आज आमच्याच भागात लोक येतात. पाटसच्या कारखान्याला बीड-नगरकडच्या टोळ्या, नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ धरून उचल घेतलेल्या. केडगावच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले मजूर. पाचटाच्या खोपीसमोर बाई भाकरी थापत असते आणि पोर रस्त्याकडे बघत असते. त्यांना ‘ए, चल’ म्हणणारे कोण, हे आम्ही विचारत नाही, कारण कधी कधी ते आम्हीच असतो.

हे सगळे आता लिहायचे कारण भाईंचा नातू. वय बावीस, आयटीआय झालेला, वेल्डर. रांजणगावात कंत्राटावर आहे, दर सहा महिन्यांनी ब्रेक. त्याला कतारचे बोलावणे आले आहे. घरात दोन तट पडले. त्याची आई म्हणते, जाऊ द्या, इथे कायम कोण करतो? आमची धाकटी बहीण म्हणते, कॅसेटी विसरलात काय? भाई महिनाभर काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी चौकशी केली. एजंट सरकारी नोंदणीचा आहे का. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दहावी झालेल्याला आता परवानगीचा शिक्का लागत नाही. न झालेल्याला आखातासह अठरा देशांसाठी लागतो, आणि त्याच्यासाठी दहा लाखांचा विमा काढावा लागतो, दोन वर्षांना 275 रुपये. हे भाईंनी एका वहीत उतरवले, तशाच शाळेच्या मराठीत.

गेल्या जुम्म्याला नमाजनंतर पोरगा कराराचा कागद घेऊन आला. भाईंनी चष्मा लावला, प्रत्येक पान दोनदा वाचून घेतले, काही शब्दांचे अर्थ त्याला फोनवर शोधायला लावले. पगाराच्या आकड्यावर बोट ठेवले, सुट्टीच्या रकान्यावर ठेवले. मग कागद खाली ठेवून विचारले, “पासपोर्ट कुणाकडे राहणार?”

“माझ्याकडे, दादा.”

“हे कुठं लिहिलंय ते दाखव.”

पोरगा पाने उलटू लागला.