फारसी मजकुरात आकडे उलटे का होतात?

फारसी आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, हे आपल्या घरात कायदा हातात घेतलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच मजकुरात आकडे मात्र डावीकडून उजवीकडे चालतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. इराणमधल्या पुस्तकावर १४०४ हे साल छापलेलं असेल तर एक डावीकडेच असतो आणि शेवटचा चार उजवीकडे, अगदी मराठीत असतो तसाच. म्हणजे एकाच ओळीत अक्षरं एका दिशेनं आणि आकडे दुसऱ्या दिशेनं. हातानं लिहिणारा कातिब अंदाजानं जागा सोडून हे सहज निभावून नेत असे. संगणकाला ते नियम घालून शिकवावं लागलं, आणि त्या नियमांत अडकूनच आज निकाहाच्या कार्डावरचा फोन नंबर किंवा प्रबंधातल्या मथळ्याचा क्रमांक उलटा होतो. पुढे जे लिहितोय ते फारसीबद्दल आहे, पण त्यातलं बरंचसं उर्दूलाही लागू पडतं.

आकड्यांची दिशा अशी का, याचं उत्तर आपल्याच मुलखात आहे. हे अंक भारतातून गेले. बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी हिंदी गणनपद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि अरब जगात हे अंक रुजले. मोठा अंक डावीकडे ही मांडणी तशीच राहिली. अरबीत या आकड्यांना आजही ‘हिंदी अंक’ म्हणतात. म्हणून मायक्रोसॉफ्ट वर्डच्या सेटिंगमध्ये अंकांसाठी ‘हिंदी’ असा पर्याय दिसतो. आपल्याकडचा माणूस तो देवनागरी आकड्यांसाठी दाबतो आणि समोर अरबी आकडे आले की चक्रावतो! बोलण्यातली गंमत आणखी वेगळी. आपण ‘पंचवीस’ म्हणतो, अरबीतही पाच आधी येतो, फारसीत मात्र ‘बीस्त-ओ-पंज’, म्हणजे वीस आधी.

आता संगणकाकडे वळू. त्याच्याकडे या आकड्यांचे तीन संच आहेत. इंग्रजी, अरबी आणि फारसी. अरबी आणि फारसी संच डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात, फरक मुख्यतः चार, पाच आणि सहा यांच्या आकारात. उर्दू फारसीचाच संच वापरते, पण चार, सहा आणि सात फाँटनुसार वेगळे काढते. दिसायला किरकोळ वाटलं तरी आत तिन्ही संचांचे कोड वेगळे आहेत. फारसी मजकुरात कुणी अरबी कीबोर्डवरून साल टाईप केलं, तर फारसी आकड्यांनी शोधल्यावर ते बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. कागदावर मात्र सगळं ठीक दिसेल.

खरी गडबड होते ती आकड्यांच्या मधल्या खुणांमुळे. उजवी-डावी मिसळण्याचे युनिकोडचे ठरलेले नियम आहेत आणि ब्राउझर ते पाळतात. सोप्या भाषेत सांगायचं तर दोन आकड्यांमध्ये टिंब, स्वल्पविराम, कोलन किंवा तिरकी रेघ एकटीच आणि चिकटून असेल, तर सगळं मिळून एक संख्या धरली जाते आणि ती डावीकडून उजवीकडे दिसते. मध्ये मोकळी जागा आली की ती संख्या तुटते. मग प्रत्येक तुकडा स्वतःपुरता सरळ राहतो, पण तुकड्यांचा क्रम उजवीकडून लागतो.

आयतुल कुर्सीचा हवाला घ्या. २:२५५ असं सलग टाईप केलं तर ते तसंच राहतं. कोलननंतर सवयीनं एक स्पेस दिली की २ उजवीकडे जातो आणि २५५ डावीकडे. वाचणारा हाफिज असेल तर त्याला फरक पडणार नाही. फोन नंबरचं तसं नाही. आपण मोबाईल नंबर पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून, मध्ये जागा सोडून लिहितो. उर्दू कार्डात हेच केलं की मागचे पाच आकडे डावीकडे येतात. वाचणारा आकडे नेहमीप्रमाणे डावीकडून वाचतो आणि फोन भलत्याच माणसाला लागतो. रकमेतही हा धोका आहे. पन्नास हजार लिहिताना हजाराच्या जागी स्वल्पविराम दिला तर काही बिघडत नाही, स्पेस दिली तर तीन शून्यं पुढे येऊन बसतात. महराची रक्कम आकड्यांबरोबर अक्षरातही लिहिण्याची जुनी रीत किती कामाची आहे, ते इथे कळतं. फोन नंबरसाठी साधा उपाय म्हणजे दहाही आकडे सलग लिहावेत.

आडव्या रेघेचं, म्हणजे हायफनचं, प्रकरण सगळ्यात विचित्र. इराणी विद्यापीठांतल्या प्रबंधांत पहिल्या प्रकरणाचा दुसरा भाग १-२ असा क्रमांक देऊन दाखवण्याची पद्धत आहे. वाचक उजवीकडून येणार, म्हणून प्रकरणाचा १ उजवीकडे हवा आणि भागाचा २ त्याच्या डावीकडे. हाच क्रमांक ‘बख्श’ म्हणजे भाग या शब्दानंतर टाईप केला, तर संगणक तो बरोबर तसाच मांडतो. कारण मागे फारसी अक्षर आहे हे त्याला दिसतं. पण तोच क्रमांक मथळ्याच्या अगदी सुरुवातीला आला, तर मागे अक्षरच नसतं. तेव्हा हायफन आकड्यांना चिकटतो आणि १ डावीकडे जाऊन बसतो. बोटांनी टाईप केलं तेच, पण मथळ्यात एक क्रम आणि मजकुरात दुसरा. वाचकाला पहिल्या प्रकरणाचा दुसरा भाग हवा असतो, तो दुसऱ्या प्रकरणाचा पहिला भाग उघडून बसतो. कराराची कलमं असतील तर हा घोळ महागात पडेल.

यासाठी न दिसणाऱ्या खुणा असतात. पुष्कळ जण मथळ्याच्या सुरुवातीला ‘राइट-टू-लेफ्ट मार्क’ टाकतात आणि काहीच बदललं नाही म्हणून वैतागतात. ती खूण तिथे उपयोगाची नाही, हायफनला लागून टाकली तर काम करते. सुरुवातीलाच खूण टाकायची असेल तर ‘अरेबिक लेटर मार्क’ हवी. युनिकोडमध्ये ती २०१३ साली आली. संगणक तिला अरबी अक्षर समजतो आणि क्रम सुधारतो. वर्ड मात्र थोडं स्वतःच्या मर्जीनं वागतं, तिथे परिच्छेदाची दिशा आधी नीट लावावी लागते.

दिशेबद्दल आणखी एक. मजकूर उजवीकडे सरकवणं आणि मजकुराची दिशा उजवीकडून करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे सर्रास पहिलीच केली जाते, कारण तिचं बटण समोर दिसतं. मथळा उजव्या कडेला जातो, पण पूर्णविराम भलत्या टोकाला पडतो आणि क्रमांक शेपटीला लागतो. विंडोजवर फारसी किंवा उर्दू कीबोर्ड चालू असेल तर कंट्रोल आणि उजवी शिफ्ट एकत्र दाबली की परिच्छेदाची दिशा बदलते. दिशा बदलली की अनुक्रमणिकाही सुधारते. मथळा उजवीकडे, टिंबांची रांग डावीकडे जाणारी आणि पान क्रमांक डाव्या कडेला.

हे प्रश्न आजचे नाहीत. डोनाल्ड क्नूथ आणि पिअर मॅके यांनी १९८७ मध्येच दोन दिशांचा मजकूर एकत्र जुळवण्यावर लेख लिहिला होता. पुढे टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर फारसीसाठी झी-पर्शियन हे पॅकेज तयार झालं. इराणी विद्यार्थी त्यात प्रबंध जुळवतात. त्यात क्रमांक आकड्यांतच नव्हे, शब्दांत आणि अक्षरांतही मागता येतो. कारण फारसी पुस्तकात मोठा मथळा सहसा ‘फस्ले अव्वल’, ‘फस्ले दुव्वुम’ असाच येतो, आणि प्रस्तावनेच्या पानांना अलिफ, बे अशी अक्षरं देतात. इंग्रजी पुस्तकांत रोमन आकडे असतात ना, त्यांची ही जागा.

अक्षरांचा क्रम कधी नेहमीच्या वर्णमालेचा असतो, कधी अबजदचा. अबजद आपल्याला नवा नाही, बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ त्याच हिशेबानं येते. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार, हे पाच. या पाचव्या ‘हे’शी मात्र जपून वागावं लागतं. एकटा ‘हे’ गोल येतो आणि पाचाच्या आकड्यासारखा दिसतो. म्हणून यादीत तो शब्दाच्या सुरुवातीला येतो त्या दोन डोळ्यांच्या रूपात छापतात. हिजरी सालापुढच्या ‘हे’चंही तेच.

मथळ्याच्या रूपाबद्दल थोडं. फारसी लिपीत कॅपिटल अक्षरं नसतात, त्यामुळे मथळा उठून दिसायला जाडी, आकार किंवा वेगळं वळण लागतं. मथळ्याला तिथे ‘तीत्र’ म्हणतात, शब्द फ्रेंचमधून आला, आणि याच नावाचा जाड फाँट इराणभर चालतो. पुस्तकाचं नाव नस्तालीकमध्ये आणि आतला मजकूर नस्खमध्ये हीही जुनी जोडी. इंग्रजी तिरपं अक्षर उजवीकडे झुकतं. फारसीत डावीकडे झुकणारं अक्षरही आहे आणि त्याला ‘ईरानिक’ म्हणतात. आम्हाला विचाराल तर मथळ्यात ते टाळावं, जाड नस्ख जास्त स्वच्छ दिसतं.

दशांशाची खूणही पाहून घ्यावी. फारसीत तिच्यासाठी ‘मुमय्यिज’ नावाची वेगळी खूण आहे, पण कीबोर्डवर ती पटकन सापडत नाही म्हणून लोक तिरकी रेघ देतात. इराणी कागदावर २/५ दिसलं तर ते दोन पंचमांश नसून बहुधा अडीच असतं. तारखेतही हीच रेघ, साल डावीकडे आणि दिवस उजवीकडे. त्यात साल कुठलं तेही बघावं लागतं. इराणमध्ये रोजचा व्यवहार सौर हिजरीवर चालतो. २१ मार्च २०२५ ला तिथे १४०४ लागलं, तेव्हा आपल्या चांद्र हिजरीचं १४४६ चालू होतं. सालानंतर ‘शीन’ असेल तर शम्सी, ‘काफ’ (बडा काफ) असेल तर कमरी, ‘मीम’ असेल तर मीलादी.

कार्ड किंवा पुस्तिका छापायला देताना वर्डची फाईल न देता पीडीएफ द्यावी, म्हणजे प्रेसच्या संगणकावर क्रम बदलत नाही. मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवून पाठवला तर परिच्छेदाची दिशा तिथे नव्यानं ठरते, तेव्हा नंबर, तारीख आणि आयतींचे हवाले पुन्हा एकदा बोट ठेवून वाचून घ्यावेत.